तिसऱ्या रकान्याबद्दल आभार

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे जाहीर लिहितेय, कारण समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता.

मागच्या आठवड्यात कॉलवर माद्रिदचे क्लायंट वैतागून म्हणाले, "नो मे तोमेस एल पेलो." आमच्या नव्या मुलाने मॅनेजरना शब्दशः इंग्रजी करून सांगितलं, माझे केस घेऊ नका म्हणतायत. मॅनेजर गप्पच. मी म्यूट काढून सांगितलं, आपण फिरकी घेतोय असं वाटतंय त्यांना. इंग्रज यासाठी पाय ओढतो, स्पॅनिश माणूस केसांवर येतो. तेव्हाच तुमची आठवण झाली.

तुमच्या स्पॅनिशच्या संध्याकाळच्या बॅचला आले तेव्हा फुटपाथवरून घेतलेलं एक पुस्तक माझ्याकडे होतं. डावीकडे स्पॅनिश म्हण, उजवीकडे इंग्रजी अर्थ. बऱ्याच म्हणी पाठही होत्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि वहीत तिसरा रकाना आखायला लावलात: हे कोण, कुणाला, कधी म्हणेल?

'दार कालाबासास', भोपळे देणे. पुस्तकात इंग्रजी अर्थ होता, नकार देणे. तुम्ही विचारलंत, नोकरीवरून काढताना आपण काय देतो? नारळ! पण नारळ मालक देतो आणि तिकडचे भोपळे मुलगी देते, प्रेमात पडलेल्याला. शिवाय परीक्षेत नापास झालेल्यालाही तिथे भोपळेच मिळतात. आपल्याकडेही पेपरात भोपळा मिळतोच की! त्या दिवशी वर्गात हसून हसून पुरेवाट झाली.

मात्र 'नो पोर मूचो माद्रुगार आमानेसे मास तेम्प्रानो' समोर मी ऐटीत 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' लिहिलं आणि तुम्ही लाल पेनने खोडलंत. कितीही लवकर उठलं तरी उजाडायचं तेव्हाच उजाडतं, असं ती म्हण सांगते. पहाट दोन्हीकडे आहे, पण आपली म्हण सत्य लपवू पाहणाऱ्याला ऐकवायची, त्यांची घाई करणाऱ्याला. त्याच भाषेत 'पहाटे उठणाऱ्याला देव मदत करतो' हीसुद्धा म्हण आहे. म्हणजे कोणती कधी काढायची, हे पुस्तक सांगणार नाही. आज अनुवाद तपासताना मी पहिल्यांदा हेच बघते.

'भाकरी नसेल तर तोर्ताही (साधी चपटी पोळी) गोड' आणि 'दुधाची तहान ताकावर' यांची जोडी तुम्ही एका बरोबरच्या खुणेत संपवलीत. एकदा मी एका निबंधात पाच म्हणी कोंबल्या, तेव्हा 'सांचो पान्सा झालीस' एवढाच शेरा आला. सांचो हा सेर्व्हान्तेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोतेचा म्हणीवेडा सेवक. तिच्या 1615 च्या दुसऱ्या भागात डॉन किहोते त्याला याच सवयीबद्दल झापतो, हे नंतर वाचलं आणि जरा हायसं वाटलं.

'निसर्गाने जे दिलं नाही, ते सालामान्का उसनं देत नाही', ही म्हणही तुमचीच. 1218 च्या विद्यापीठाच्या नावाने केवढा टोमणा! 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून' हे मी लिहिलेलं तुम्ही खोडलं नाहीत. माझा आड तसा कोरडाच होता, बाई. पोहरा मात्र तुम्ही सोडत राहिलात.

'एस्तार एन बाबिया'चा तिसरा रकाना अजून रिकामा आहे. बाबिया हा स्पेनच्या लेओन प्रांतातला डोंगराळ मुलूख. तंद्रीत हरवलेला माणूस तिकडे गेलाय म्हणतात. पुण्याला आले की वही घेऊन येते. लाल पेन तुमच्याकडे असेलच.

आपली विद्यार्थिनी,
बंगळुरू