पुलांवरचे सेन्सर: निविदेत काय हवे?

महोदय,

२ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात कोसळला, जून २०२५ मध्ये पुण्याजवळ इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूलही कोसळला. अशा प्रत्येक घटनेनंतर 'पुलांना वायरलेस सेन्सर लावा' ही मागणी होते. मागणी रास्तच आहे, पण खरी गोम निविदेच्या तपशिलात असते.

हे सेन्सर पुलाची कंपने मोजतात; पुलाची ताठरता घटली की कंपनांची वारंवारता बदलते. यात सर्वांत दुर्लक्षित बाब सेन्सरमधल्या घड्याळाची. घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची (स्फटिकाची) चूक दहा लाखांत २० भाग धरली, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ५ हर्ट्झने (सेकंदाला पाच वेळा) कंप पावणाऱ्या गाळ्याचे एक आवर्तन २०० मिलिसेकंदांचे! म्हणजे दोन टोकांच्या नोंदी जुळवून काढलेला कंपनाचा आकार चक्क खोटा निघतो. म्हणून सर्व नोड्सची (पुलावरच्या सेन्सर-संचांची) वेळ वारंवार जुळवून फरक मिलिसेकंदाच्या आत ठेवण्याची अट हवीच.

दुसरे, तीन अक्षांवर सेकंदाला प्रत्येकी १०० नमुने, नमुन्यामागे ३ बाइट्स धरून घेतले, की सेकंदाला सुमारे ९०० बाइट्स होतात. 'लोरा'ला, म्हणजे कमी विजेत दूरवर पण थोडीच माहिती पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीला, ते पेलत नाही. वारंवारतेचे गणित नोडवरच करून फक्त निष्कर्ष पाठवावेत. सेन्सर पोलादी पट्टीवर इपॉक्सीने बसवावा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप उन्हात सैल पडते आणि मग आपण पुलाऐवजी टेपचीच कंपने मोजत बसतो.

तापमानानेही वारंवारता काही टक्के हलते. त्यामुळे वर्षभराच्या नोंदींशिवाय इशाऱ्याची मर्यादा ठरवू नये. बसवण्याआधी एफपीजीएवर (हवी तशी रचना करता येणाऱ्या चिपवर) पुलाचे गणिती प्रारूप चालवून, ताठरता मुद्दाम घटवून, यंत्रणा इशारा देते का हे तपासावे. पायाखालची माती वाहून जाणे मात्र या कंपनांत उशिरा दिसते; त्यासाठी खांबाशी सोनार (ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजणारे यंत्र) वेगळा लावावा लागेल.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे