ट्रक मोजू नका, थांबलेला माल मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोदामे शहराबाहेर नेण्याचा आराखडा होत आहे, म्हणून हे पत्र. व्यापार आणि वाहतुकीचे केंद्र असलेल्या शहराचे मोल तिथून रोज किती ट्रक जातात यावर ठरवतात. मालवाहतुकीच्या कचेरीत 31 वर्षे बिल्ट्या, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्या, फाडल्यावर मला हे मोजमाप मुळीच पटत नाही. न थांबता गेलेला ट्रक शहराला धूर देऊन जातो. तोच फलाटाला लागला, तर हमाल, मापाडी, गोदामवाला, टायरवाला अशा कितीतरी घरांत चूल पेटते.

दहा गावे एकमेकांना थेट जोडायची तर 45 मार्ग लागतात. मध्ये एक केंद्र धरले, की दहा पुरतात. आमच्याकडे एकेका गावचे दोन-चार डाग (मालाचे नग) यायचे. तेवढ्यासाठी वेगळी गाडी कोण लावणार? रात्री सगळे एकत्र केले की गाडी भरायची आणि लहान दुकानदाराचा मालही परवडणाऱ्या भाड्यात पोचायचा. परतीचा मालही केंद्रातच मिळतो. तो नसेल तर रिकाम्या गाडीचे डिझेल जातानाच्याच भाड्यात धरावे लागते.

शिकागोत 1848 मध्ये कालवा सुरू झाला, त्याच वर्षी व्यापाऱ्यांनी ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ ही आपली संघटना स्थापन केली. गहू पोत्यांऐवजी उंच कोठारांत एकत्र साठू लागला, म्हणून प्रतवारी करणे भाग पडले. मग कोठाराची पावतीच हातोहात विकली जाऊ लागली. नुसती धान्याची वाट होती, तिथे धान्याचा भाव ठरू लागला. बिल्टी पाहून उचल देणारे व्यापारी मी जवळून पाहिलेत, म्हणून त्या पावतीचे महत्त्व मला कळते.

याच्या उलटही घडते. 1956 मध्ये अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. सीलबंद कंटेनर वाटेत उघडावा लागत नाही. पुढे पंचवीस वर्षांत लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या, काम इंग्लंडमधल्याच फेलिक्सस्टोसारख्या कंटेनर बंदरांकडे गेले आणि गोदी कामगारांचे हात रिकामे झाले.

गोदामे शहराबाहेर न्यायला माझी हरकत नाही. पण वजनकाटा, प्रतवारी, बँक आणि दुरुस्ती एकाच आवारात हवी. हमालांना सावली हवी, चालकांना पाठ टेकायला जागा हवी. माझ्या ओळखीचे कितीतरी चालक जन्मभर केबिनमध्येच झोपले. आराखडा करणाऱ्यांनी निदान एकदा रात्री बारा ते चार फलाटावर बसून माल उतरताना पाहावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त बुकिंग कारकून