विझागचा प्लांट आणि ताईचा धाकटा

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे. हे तुलाच लिहितोय, घरात कुणाला सांगून कळणार नाही.

ताईचा धाकटा दिवाळीला बडोद्याला आलेला, हल्ली तो विझागला मधुरवाड्याकडे आयटीत आहे. जेवताना म्हणतो, मामा, तो स्टील प्लांट आता कशाला हवा, समुद्राकाठी वीस हजार एकरांच्या आसपास जागा पडलीय, विकून मोकळं व्हावं. मला पुढे जेवणच गेलं नाही रे.

काय सांगू त्याला? 1966 च्या आंदोलनात 32 माणसं गेली तेव्हा कुठे तो प्लांट मिळाला. प्लांटच्या जागेसाठी गावंच्या गावं उठवली, ज्यांच्या बापाचं तिथे शेत होतं ती पोरं आपल्याबरोबर शिफ्टला होती. पहिली झोतभट्टी, गोदावरी, पेटली तेव्हा प्लांटमधला आपला अण्णा कसा रडला होता! आणि हा म्हणतो तोटा. अरे, बाकीच्या सरकारी प्लांटना स्वतःच्या खाणी, ह्याला लोखंडाची एक खाण दिली नाही, छत्तीसगडातल्या बैलाडिला खाणीचा माल बाजारभावाने घ्या आणि वर कर्जाचं व्याज भरा, मग तोटा नाही तर काय होणार? 2021 ला केंद्राने विकायचं ठरवलं, 2025 च्या जानेवारीत प्लांट सावरायला 11,440 कोटी जाहीर केले आणि त्याच वर्षी कंत्राटी लोक घरी बसले. अण्णाच्या मुलाने व्हीआरएस घेतली, फोनवर धड बोललाही नाही.

तू म्हणायचास विझागची मुंबई होणार, त्यावरून मेसमध्ये किती भांडलोय आपण (तिथेच पेसरट्टूवर, मुगाच्या त्या डोशावर, साखर मागितलीस, वाढपी बघतच राहिला!). आता गूगलचं 15 अब्ज डॉलरचं डेटा सेंटर येतंय, येऊ दे, पोरांचं भलं होऊ दे. पण बंदर, शिपयार्ड, रिफायनरी, प्लांट ह्यांच्या जीवावर आयटीआय झालेला फिटरसुद्धा घर बांधायचा, पोराला इंजिनियर करायचा. सर्व्हरच्या खोलीत तसल्या किती जणांना घेणार? हेच डोक्यातून जात नाही. इथे गेंडा सर्कलला साराभाईच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर चकाचक ऑफिसं झालीत, तिथून जाताना दर वेळी वाटतं, ते कामगार गेले कुठे?

वहिनींचा गुडघा कसा आहे? छोटीचं एमएस युनिव्हर्सिटीचं काय झालं, इथेच पाठव, आमच्याकडे राहील.

आणि ताईच्या धाकट्याला एक फोन कर. माझ्याशी तो ह्यावर बोलत नाही, तुझं ऐकतो. म्हणावं, फ्लॅट बघायला जातोस तसा एकदा प्लांटजवळ गाजुवाक्याला जा, अण्णाच्या घरी जेव, त्याच्याकडून सगळं ऐक आणि मग काय विकायचं ते बोल.

तुझा,
नाना