धरणाच्या पाण्याशेजारी रेशनचाही आकडा छापा

आदरणीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सहा वर्षांपासून बीसी सखी, म्हणजे गावातच लोकांना बँकेतले पैसे काढून देणारी बँकेची प्रतिनिधी, म्हणून काम करते. बचत गटातून निवड झाली, प्रशिक्षण झालं, परीक्षा दिली आणि बँकेनं अंगठ्याचं मशीन हाती दिलं. सकाळी आठ ते अकरा मी ते घेऊन ओसरीवर बसते. कुठलंही अनुदान जमा झाल्याची बातमी गावात आली की ओसरीखाली चपलांचा ढीग पडतो.

आपलं वर्तमानपत्र आमच्याकडे सकाळच्या एसटीनं येतं. लोक आधी येलदरी धरणाचा पाणीसाठा बघतात, मग मोंढ्यातला सोयाबीनचा भाव. या दोन आकड्यांच्या शेजारी रेशनचा आकडाही छापावा, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. ती का करते, हे मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

आमचं कार्ड केशरी, जमीन तीन एकर कोरडवाहू. 2015 साली शासनानं मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा, अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांनाही माणशी पाच किलो धान्य सुरू केलं होतं. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. 2022 मध्ये ते धान्य थांबलं. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य राहिलं, 'केशरीचं रेशन बंद झालं.' पुढे जानेवारी 2023 पासून त्या धान्याच्या बदल्यात माणशी महिन्याला 150 रुपये आणि नंतर 170 रुपये ठरले, हे फार थोड्यांच्या कानावर गेलं. पैसे घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात जमा होणार होते. सासूबाईंचा फॉर्म मीच भरला, पासबुकाची झेरॉक्स जोडली, दुकानात नेऊन दिला. नंतर महिने गेले, त्या खात्यात रुपयाही दिसला नाही. आपलं नाव बसलं नसेल, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

2024 च्या दिवाळीत दुसऱ्याच एका कामासाठी आधारच्या संकेतस्थळावर त्यांचं खातं कुठल्या बँकेशी जोडलंय ते बघत होते, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. 2015 मध्ये गावात खाती उघडायचं शिबिर झालं होतं, तिथे त्यांनी अंगठा दिला होता. पासबुक कधी घरी आलंच नाही. मी ती बँक निवडून त्यांचा अंगठा घेतला आणि मशीनवर 13,500 रुपये उमटले. घरात माणसं सहा. सहा गुणिले दीडशे म्हणजे महिन्याला 900, आणि मार्च 2024 पर्यंतचे पंधरा महिने. हिशेब काट्यावर जुळला. सासूबाई बराच वेळ त्या पावतीवर हात ठेवून बसल्या होत्या.

मी रोज लोकांचे अंगठे घेते, आणि माझ्याच घरातले पैसे मला दीड वर्ष दिसले नाहीत. ज्या घरात मशीनही नाही आणि वाचता येणारं माणूसही नाही, तिथे काय होत असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

म्हणून वाचणाऱ्या बहिणींना पहिली गोष्ट सांगते. सरकारी अनुदान बहुतेक वेळा आधारवरून जातं. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं असेल, पैसे त्या खात्यात पडतात. तुम्ही कुठलं पासबुक फॉर्मला लावलं याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा कित्येक बायकांनी घाईघाईनं नवीन खाती उघडली आणि आधार तिथे जोडलं. त्यानंतर माझ्याकडे 'गॅसची सबसिडी बंद झाली', 'केशरीचे पैसे बंद झाले' म्हणत रांग लागली. बंद काहीच झालं नव्हतं, सगळं नव्या खात्यात जात होतं. जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून आणायला त्या जिंतूरला जात होत्या, जाण्यायेण्याचं भाडं वर.

दुसरी गोष्ट पावतीची. अंगठा लावला की कागद निघतो, तो मागून घ्या. 'अंगठा लागला नाही, परत लावा' असं कुणी म्हटलं तर आधी पहिल्या वेळची पावती दाखवायला सांगा, व्यवहार फसला असेल तर त्यावर तसं छापून येतं. दोनदा पैसे निघाले आणि हातात एकदाच आले, अशी माणसं मी पाहिली आहेत. आणि माझ्याच धंद्यातली गोष्ट उघड सांगते. पैसे काढून देताना कुणी हजारामागे वीस-तीस रुपये मागत असेल तर देऊ नका. आम्हाला त्या कामाचं कमिशन बँक देते. निराधार म्हातारीच्या 1,500 रुपयांतून पन्नास कापून घेणं ही चोरी आहे, त्याला दुसरं नाव नाही.

संजय गांधी आणि श्रावणबाळचे पैसे थांबले की निम्म्या वेळा कारण हयातीच्या दाखल्याचं असतं. तो दर वर्षी तहसीलला द्यावा लागतो. लेकी-सुनांनी तारीख लक्षात ठेवावी, एवढंच.

आता धान्याकडे येते. कायदा 2013 चा. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डावर घरात दोन माणसं असोत की आठ, कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. इतकं बऱ्याच जणांना पाठ आहे. पण त्यात गहू किती आणि तांदूळ किती, हे कायम सारखं नसतं. कधी दोन किलो गहू तीन किलो तांदूळ, कधी उलटं. आमच्याकडे एका हंगामात ज्वारीही आली. बाई दुकानात गेली की ऐकते, 'वरून एवढंच आलंय.' ते खरंही असतं. आमच्या गावचा दुकानदार हातचा राखून देणारा नाही, त्याचं मार्जिनसुद्धा उशिरा येतं, हे मी जाणते. पण शेजारच्या गावात चार जणांच्या कार्डावर सोळा किलो देऊन वीसचा अंगठा घेतला जात होता. एका मुलीनं ई-पॉसची, म्हणजे दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनची, पावती मागितली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि दुसऱ्या महिन्यापासून काटा सरळ झाला. तक्रारही करावी लागली नाही. त्या पावतीवरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडून जाते, म्हणून फोटो काढून ठेवलेला बरा.

कार्डावरच्या नावांचं तर विचारूच नका. लग्न होऊन चार वर्षं झाली, पदरात दोन लेकरं, आणि सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. लेकरांची नावं कुठंच नाहीत. तीन माणसांचं पंधरा किलो म्हणजे वर्षाचं 180 किलो धान्य असं हवेत राहतं. माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला आणि लेकरांचे जन्मदाखले घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात एक चक्कर टाकली तर काम होतं. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरला असेल तर थांबावं लागतं, हेही खरं. पण अर्जच दिला नाही तर रांगेत तरी नाव कसं लागणार? शिवाय कायद्यानं कार्डावर कुटुंबप्रमुख घरातली वडीलधारी बाई असते. हे सांगितलं की पुष्कळ बायका माझ्याकडे नुसत्या बघत राहतात.

आमच्या वाडीतली दहा-बारा जोडपी दर दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जातात. पूर्वी त्यांचं सहा महिन्यांचं धान्य बुडायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरातपासून एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायला सुरुवात झाली, पुढे ते देशभर झालं, आणि राज्यातल्या राज्यात तर कुठल्याही दुकानात अंगठा चालतो. कार्ड जवळ नसलं तरी आधार क्रमांकावर काम होतं. माझ्या चुलत जावेनं गेल्या हंगामात तिकडे ऊसतोड्यांच्या मुक्कामाजवळच्या दुकानातून आपला वाटा उचलला आणि गावाकडच्या म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांनी आपला इथे. आधी दुकानदार 'बाहेरच्यांना नाही' म्हणाला. तिनं 1967 ला फोन लावते म्हटल्यावर दिलं. हा क्रमांक रेशनच्या तक्रारीचा आहे, घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

मिळालेल्या धान्याचं घरात काय होतं, हेही लिहिलं पाहिजे. आमचं खाणं भाकरीचं, तांदूळ सणावाराला. माणशी तीन किलो तांदूळ आला की तो डब्यात साचतो आणि मग तीनचाकी घेऊन फिरणारा माणूस तो पंधरा-सोळा रुपयांनी घेऊन जातो. त्या बाईला दोष देताना माझी जीभ अडते, कारण रेशनमध्ये डाळ नाही, तेल नाही, आणि त्या पैशांतून ती तेलाची पिशवी आणते. पण पाहुणे आले की तीच बाई किराणा दुकानातून चाळीस-पंचेचाळीसचा तांदूळ आणते, तेव्हा जीव तुटतो. आमच्या गटात आम्ही हे करून बघितलं: पोरांना सकाळी मुगाची डाळ घालून खिचडी, उन्हाळ्यात तांदळाच्या पापड्या, आणि दळण नेताना पायलीभर ज्वारीत ओंजळभर तांदूळ. भाकरी पांढरी होते आणि कुणाला कळत नाही.

तांदळाबद्दल आणखी एक. त्यात काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, पाण्यावर तरंगतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायका सुपात निवडून काढतात आणि कोंबड्यांना टाकतात. तो प्लास्टिकचा नसतो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घालून यंत्रावर दाण्याचा आकार देतात आणि शंभर दाण्यांत एखादा, असा मिसळतात. आमच्या गावात गरोदर बाईचं रक्त तपासलं की कमीच निघतं, आणि त्याच घरची कोंबडी लोहाचे दाणे टिपते. अंगणवाडीताईंनी हे सांगितल्यावर मी माझ्या ओसरीवर एक मूठ तांदूळ ताटात ठेवला आणि येईल तिला दाखवला. अजूनही दोघी-तिघी ऐकत नाहीत.

2025 च्या जूनमध्ये पावसाळ्यामुळे तीन महिन्यांचं धान्य एकदम दिलं. पाच माणसांच्या घरात 75 किलो! पत्र्याची कोठी कुणाकडे राहिली आहे? पोत्यात ठेवलं आणि पोळ्यापर्यंत गव्हात सोंडे झाले. ज्यांनी मिळाल्यावर दोन उन्हं दिली, कडुनिंबाचा वाळवलेला पाला थर लावून ड्रममध्ये भरलं, त्यांचं टिकलं. हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं. पुन्हा असं एकदम धान्य द्यायचं असेल तर आठ दिवस आधी कळलं पाहिजे, म्हणजे ऊन असताना तयारी होते.

सासूबाईंच्या त्या 13,500 रुपयांतले सहा हजार आम्ही मोडले नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली तेव्हा शिवारातूनच तीन हजार रुपये क्विंटलनं दोन क्विंटल घेतली. गल्लीतल्या आणखी तिघींनी तसंच केलं, एकाच ट्रॅक्टरनं घरी आणली, भाडं वाटून घेतलं. धान्याच्या बदल्यात मिळणारा पैसा सुगीत धान्यच घ्यायला वापरला तर तो पुरतो. श्रावणात, भाव चढल्यावर, माणशी 170 रुपयांत काही येत नाही. पण हे करायला पैसे कधी जमा होणार हे कळायला हवं. ते दर महिन्याला येत नाहीत, कधी दोन महिन्यांचे, कधी चार महिन्यांचे एकदम येतात.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या पानावर एक लहान चौकट छापा. या महिन्यात प्राधान्य कार्डावर माणशी गहू किती, तांदूळ किती, अंत्योदयला किती, केशरी शेतकऱ्यांचे कुठल्या महिन्यापर्यंतचे पैसे जमा झाले, निराधार आणि श्रावणबाळचे कुठपर्यंतचे आले, आणि खाली 1967 हा क्रमांक. जिल्हा पुरवठा कार्यालयात नियतनाचा, म्हणजे कुठे किती धान्य मंजूर झालं त्याचा, कागद दर महिन्याला असतोच, तो आपल्या वार्ताहरानं मागायचा आहे. धरणात किती पाणी आहे हे छापता, तेव्हा पाणी सोडणाऱ्यालाही लोक बघतायत हे माहीत असतं. वरून किती आलं, हे एकदा छापून आलं की दुकानात बाईला भांडावं लागत नाही, ती पेपर पुढे करते.

पहिली चौकट ज्या दिवशी येईल त्या दिवशी ती कापून आमच्या स्वस्त धान्य दुकानाच्या दारावर आणि माझ्या ओसरीच्या खांबावर मी चिकटवीन. नंतर दर महिन्याला जुनी काढून नवी लावायचं काम आमच्या गटातल्या दोघींनी आधीच वाटून घेतलं आहे.

आपली नम्र वाचक,
एक बीसी सखी
ता. जिंतूर, जि. परभणी
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)