सानिकास, आखनला

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री जेवताना निनाद बोलून गेला की गेल्या आठवड्यात तुला चार दिवस ताप होता. त्याला वाटलं, आम्हाला ठाऊक आहे. मी भात वाढत होते, हात तिथेच थांबला. त्याच रविवारी आपण फोनवर बोललो होतो ना? "सगळं ठीक आहे गं, जरा घसा बसलाय," म्हणालीस. निनादवर चिडू नकोस. त्याने मुद्दाम नाही सांगितलं.

लगेच फोन करणार होते. पण पुन्हा तेच "ठीक आहे" ऐकायला मिळालं असतं, म्हणून लिहायला बसले. रागवायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

तिथे डॉक्टर बघून ठेवलास का? नवीन पेशंट कोण घेतं, ते अंगात ताप नसतानाच विचारून ठेवायचं असतं. पंचविशीपर्यंत तू बाबांच्याच विम्यात आहेस, कार्ड पाकिटात ठेव, ड्रॉवरमध्ये नको. रात्री किंवा शनिवार-रविवारी दवाखाने बंद असले तर डॉक्टरांच्या ११६११७ या नंबरला फोन कर, फारच वाटलं तर तातडीचा ११२. हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. आमचे सगळे फॉर्म तूच भरायचीस. तरी लिहिलं, राहवलं नाही.

आज दिवसभर मला तुझी चौथीतली सायकलची परीक्षा आठवतेय. पोलीसकाका समोर उभे, हात दाखवून वळायचं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. इथली जर्मन पोरं नीट चालायला लागल्यापासून सायकलवर, आणि तू सांगलीत रिक्षाने शाळेत जाणारी. बाबांनी ती जुनी लाल सायकल आणली आणि तू रेग्नित्झ नदीच्या काठाने एकटीच सराव करायला लागलीस. मे महिना, चांगलं कडक ऊन, आणि तू रोज जाड लोकरी स्टॉकिंग घालून शाळेत. उकडत नाही का विचारलं, तर म्हणालीस, "इथे असंच घालतात." न्हाऊ घालताना बघितलं, दोन्ही गुडघे सोललेले, जखमेत लोकरीचे धागे चिकटून बसलेले. कोमट पाणी घालून मी एकेक धागा सोडवला. हूं की चूं केलं नाहीस. शेवटी एवढंच म्हणालीस, "बाबांना सांगू नकोस, ते सायकल परत करतील."

पास झालीस. ते प्रमाणपत्र अजून शोकेसमध्ये आहे.

त्याच सुमाराला शाळेत बोलावलं होतं. बाबांना सुट्टी मिळाली नव्हती आणि माझं जर्मन दुकानात दूध-ब्रेड मागण्यापुरतं. गणितात एक, जर्मनमध्ये चार, परिसर अभ्यासात तीन. (माईआजींना फोनवर "गणितात एक" सांगितलं तर त्यांना रडूच फुटलं होतं, एक म्हणजे पहिला हे समजावता समजावता बाबांची पुरेवाट झाली.) सरासरी २.६६, आणि गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, हवी २.३३ किंवा त्याहून कमी. त्या बुटक्या खुर्च्यांवर तू आमच्या दोघींच्या मधे बसली होतीस. बाई बोलायच्या, थांबायच्या, मग तू मला मराठीत सांगायचीस. "डोकं चांगलं आहे, पण भाषा कच्ची आहे, गिम्नाझियम झेपणार नाही, रेआलशूलला घाला, असं बाई म्हणतायत." रेआलशूल म्हणजे दहावीपर्यंतची, गिम्नाझियमहून एक पायरी खालची शाळा. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीबद्दल सांगावं तसं सांगत होतीस. दहा वर्षांची होतीस गं. मी विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणालीस, "चल आई, बस चुकेल."

पहिलीपासून इथे न शिकलेल्या परदेशी मुलांची अडचण भाषेचीच असेल आणि ती भरून निघण्यासारखी असेल, तर ३.३३ सरासरीवरही गिम्नाझियमसाठी पात्र ठरवता येतं, हे आम्हाला कळेपर्यंत तू सहावीत गेली होतीस. त्या खोलीत कुणी सांगितलं नव्हतं. बाबा त्या रात्री झोपले नाहीत. आणि तू त्यांना समजावलंस, "रेआलशूल छान आहे, मला आवडते." खरंच आवडत होती का, ते मला अजून माहीत नाही.

त्या रेआलशूलमधून तू अकरावीपासूनच्या फाखओबरशूलला गेलीस, तेरावी केलीस, विद्यापीठाचं दार उघडणारं आबिटूर मिळवलंस आणि आज आखनला मेकॅनिकल शिकतेयस. मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. सांगलीच्या आजीने तर आळीभर पेढे वाटले.

तिच्यावरूनच आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आजी रोज फोनवर म्हणायची, "पाणी लांब आहे, तू जीवाला घोर लावून घेऊ नकोस." घरात छातीएवढं पाणी होतं आणि ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून हे सांगत होती. मराठी बातम्यांत आपली गल्ली दिसली तेव्हा मला कळलं. तू शेजारीच होतीस, माझं काय झालं ते पाहिलंयस. त्यानंतर कित्येक महिने ती "बरी आहे" म्हणाली की मी मामाला फोन करून खात्री करायचे. आता तुझ्याबाबतीत निनादला विचारत बसू का? तो चौदा वर्षांचा आहे. माणसाने दुखलं तर दुखतंय म्हणावं, शेजारच्या खोलीतल्या मुलीला हाक मारावी, पेज करून मागावी, एक दिवस लेक्चर बुडवावं. त्याने कुणी लहान होत नाही. अंगावर काढत राहिलं की एक दिवस शरीर वसूल करतं, तुझ्या बाबांचंच उदाहरण बघ...

सुरू झालं माझं. रागवणार नाही म्हटलं होतं. माफ कर, राणी.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आपण आलो तेव्हा घरात सगळ्यांत आधी भाषा तुला आली, म्हणून डॉक्टर, बँक, घरमालक, सगळं तुझ्या तोंडून व्हायचं. आमचंच इतकं सांगायचं असायचं की तुझं दुखणं मधे आणायला तुला जागाच उरली नाही. आता तसं नाही. माझी जर्मनची बी-टू परीक्षा झाली. मागच्या महिन्यात निनादच्या बाईंना मी एकटी भेटून आले, त्यांच्याशी वादसुद्धा घातला. तुझ्या डॉक्टरशी बोलायचं झालं तर मी बोलू शकते. आम्हाला सांभाळायचं काम आता तुझ्याकडे नाही.

जर्मन पासपोर्ट घ्यायचं बाबा बोलतील. दोन्ही ठेवायला २०२४ पासून जर्मनीची हरकत नाही, पण आपला भारताचा सोडावाच लागेल. घाई करू नकोस, आणि आमच्याकडे बघूनही ठरवू नकोस.

चकल्या, मेतकूट आणि सुंठीची पूड पाठवतेय. बाबांनी शनिवारचं तिकीट काढलंय, नको म्हणालीस तरी ते येणार. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करेन. ताप किती होता, औषध काय घेतलंस, जवळ कोण होतं, एवढं मला नीट सांग.

तुझी,
आई