दुरुस्तीच्या कामातली खडी-वाळू तपासून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : पार्किंग आणि कॉलम जॅकेटिंगसाठी (जुन्या खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर चढवण्यासाठी) येणाऱ्या खडी-वाळूची चाचणी

महोदय, स.न.वि.वि.

कंत्राटदाराचे कोटेशन नोटीस बोर्डावर वाचले. सिमेंट, सळई, वॉटरप्रूफिंगचे रसायन, सगळे ग्रेडसकट लिहिले आहे. खडी आणि वाळूपुढे मात्र 'उत्तम प्रतीची' एवढेच. काँक्रीटच्या आकारमानात साधारण ६० ते ७५ टक्के वाटा याच दोघींचा, आणि काटकसर करायला सगळ्यात सोयीची जागाही हीच.

गेटजवळच्या ढिगातली मूठभर खडी हातात घेऊन पाहावी. दगड टणक आहे, पण धूळ इतकी की बोटे माखतात. असल्या खडीवर सिमेंट दगडाला न चिकटता धुळीला चिकटते. चपट्या कपच्याही बऱ्याच आहेत. त्यांच्यामुळे काँक्रीट नीट सरकत नाही, मग मजूर वरून पाणी ओततात आणि ताकद तिथेच जाते. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे चपट्या-लांबट खड्यांचा एकत्रित निर्देशांक ४० टक्क्यांच्या आत हवा. तो नजरेने कळत नाही, प्रयोगशाळेतच मोजावा लागतो.

पार्किंगची फरशी चाकांखाली झिजणार. तिच्या खडीचे आघात मूल्य ३० टक्क्यांच्या वर नको. चाचणी सोपी आहे : सुमारे १४ किलोचा हातोडा ३८० मिमीवरून १५ वेळा पाडायचा आणि किती चुरा झाला ते चाळून बघायचे.

जॅकेटिंगची गोष्ट वेगळी. तिथे जुना कॉलम आणि नव्या सळया यांच्यात जागा चिंचोळी. २० मिमी खडी अडकून आत पोकळ्या राहतील, आणि प्लास्टर चढले की कुणाला दिसणारही नाहीत. सळयांमधले मोकळे अंतर आणि कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), यांत जे कमी असेल त्याहून खडी किमान ५ मिमी बारीक हवी. म्हणजे तिथे १० मिमीचीच मागवावी.

वाळूबद्दल कंत्राटदार म्हणतो, बरणीत पाणी घालून गाळ बघू. नदीच्या वाळूला हे प्राथमिक तपासणी म्हणून ठीक. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) मात्र दगडाची भुकटी असतेच. ७५ मायक्रॉनखालचा बारीक भाग नैसर्गिक वाळूत ३ टक्के, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालतो. बरणीला भुकटी आणि माती यांतला फरक कळत नाही, म्हणून हा बारीक भाग नेमका किती टक्के ते मोजायला चाळणी चाचणी हवीच. शिवाय ओलसर वाळू २० ते ३० टक्के फुगू शकते. घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात कमीच पडते. मिश्रण वजनाने करायला लावावे.

तेव्हा वर्क ऑर्डरमध्ये एक अट घालावी : चाचणी अहवाल समितीच्या हातात आल्याशिवाय काँक्रीट ओतायचे नाही, आणि खाण बदलली की चाचण्या पुन्हा. प्रयोगशाळा समितीने निवडावी. कंत्राटदाराने आणलेला जुना अहवाल दुसऱ्याच ढिगाचा असतो.

नमुना घेताना मी हजर राहीन. मोठी खडी घरंगळून ढिगाच्या पायथ्याशी जाते, त्यामुळे एकाच जागेवरून घमेले भरून चालणार नाही. वरून, मधून, खालून थोडी थोडी घेऊन एकत्र करावी लागेल. आणि ढीग सध्या उघड्या मातीवर आहे, तो आधी पत्र्यावर घ्यायला सांगावे.

आपला,
एक सभासद