रस्त्याकडेला थांबलेल्या त्या दोघांचे आभार

तीन लाख किलोमीटर धावलेली डिझेल स्टेशन वॅगन चढावर बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मागून आलेले दोघे आपणहून थांबले. नावं सांगायचं राहूनच गेलं त्यांचं, म्हणून हे जाहीर आभार.

त्यांनी आधी स्टार्टर मारणं थांबवलं: "एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर स्टार्टरही जाईल." डिझेल फिल्टर ते पंप या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत होते. बाहेर डिझेलचा थेंब नाही, कारण ही बाजू ओढणारी. फट असली की डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. फिल्टरच्या तोंडावरची ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी) कडक होऊन चिरली होती. त्यांच्या डब्यात त्याच मापाची निघाली. मग डिझेल पुढे ढकलायचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला, अडकलेली हवा निघावी म्हणून इंजेक्टरवरचे (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) नट १७ च्या पान्याने अर्धा फेरा सैल केले, स्टार्टर फिरवला आणि बुडबुड्यांविना डिझेल येताच आवळले. (हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांना. नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत नळ्यांमधला डिझेलचा प्रचंड दाब जिवावर बेततो.)

लक्षात राहिलं ते वेगळंच. नट सैल करण्याआधी एकाने स्वतःचा स्वच्छ टॉवेल टायमिंग बेल्टच्या कव्हरवर आणि अल्टरनेटरवर पसरला, डिझेलने रबर फुगतं म्हणून. टॉवेल वाया गेला. जाताना एक जादा ओ-रिंगही हातात ठेवली.

दादांनो, मनापासून धन्यवाद. टॉवेल देणं लागतो.